वाटलेल्या नको, गिळलेल्या गोळ्या मोजा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची फेरी ऑगस्टात आली की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भाताच्या रोवण्याची घाई असते. आशाताई अकराला दारात पोचते तेव्हा घरची माणसं बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, आणि घरी एकटी म्हातारी. पाच जणांच्या गोळ्या तिच्या हाती, नोंदवहीत पाच खुणा. गोळ्या मग फळीवरच राहतात आणि अहवालात गाव पूर्ण होतं.

हे औषध मुख्यतः हत्तीरोगाच्या कृमींची रक्तातली पिल्लं, म्हणजे सूक्ष्म जंतू, मारतं. मोठे कृमी शरीरात काही वर्षं तग धरून नवे जंतू सोडत राहतात, म्हणून फेरी दरवर्षी लागते. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी औषध खरोखर गिळलं तरच प्रसार तुटतो. देशाने निर्मूलनासाठी २०२७ साल ठरवलं आहे. फळीवरच्या गोळ्यांनी ते साधणार नाही.

तेव्हा फेरी संध्याकाळी सहा ते नऊ ठेवा आणि त्या वेळेचा वेगळा भत्ता आशाताईंना द्या. फेरीत तीन औषधं असतात: अल्बेंडाझोल, डीईसी आणि आयव्हरमेक्टिन. ती जेवणानंतर, समोरच घ्यायची; अल्बेंडाझोल चावून. डीईसी वयानुसार: २ ते ५ वर्षांना १, ६ ते १४ ला २, त्यापुढे ३ गोळ्या. आयव्हरमेक्टिन मात्र उंचीवर ठरतं, ९० सेंमीखालच्या मुलांना नाहीच. उंचीची पट्टी केंद्रावर विसरली की सगळा अंदाजपंचे कारभार. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं वगळायची.

ताप, मळमळ, डोकेदुखी बहुधा रक्तात जंतू असलेल्यांनाच होते, कारण ते मरत असतात. हे आधी सांगत नाहीत. मग एकाला ताप आला की अख्खा टोला, म्हणजे वस्ती, दारं लावून घेतो. फेरीच्या आधी दवंडी द्या, तापाला धावून येणाऱ्या पथकाचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. फेरीनंतर आठवड्याभरात, वाटपात नसलेल्या माणसांकडून काही घरं तपासून घ्या. गोळ्या घेतल्याचा आकडा खाली येईल; येऊ द्या.

डेंग्यूसाठी पाळलेला कोरडा दिवस, म्हणजे घरची पाण्याची भांडी रिकामी करायचा दिवस, इथे फारसा कामाचा नाही. हत्तीरोग पसरवणारा डास नालीच्या घाण पाण्यात आणि शौचालयाच्या टाकीत वाढतो. टाकीच्या हवेच्या पाइपला जाळी बांधायला कितीसा खर्च येतो?

ज्यांचे पाय आधीच सुजलेत त्यांना गोळ्यांनी पूर्वीचा पाय मिळत नाही. त्यांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम लागतं, आणि वापर कोणीतरी एकदा समोर करून दाखवावा लागतो. साध्या पाण्याने, साबणाने, बोटांच्या बेचक्यांपर्यंत हलक्या हाताने धुवायचं. न घासता टिपून कोरडं करायचं. बेचकी ओली राहिली की बुरशी येते, कातडी चिरते, चिरेतून जंतू शिरतात, थंडीताप भरतो आणि दर तापागणिक पाय आणखी जाड होतो. चिखलात अनवाणी राबणाऱ्याला हे पावसाळ्यात हमखास होतं, म्हणून साहित्य जूनआधी पोचायला हवं.

हत्तीरोगाने होणारी अंडवृद्धी, म्हणजे पुरुषांच्या वृषणाची सूज, शस्त्रक्रियेने बरी होते. ती शिबिरं एप्रिल-मेमध्ये, वावरातली कामं कमी असताना, तालुक्याच्या रुग्णालयातच घ्या. जिल्ह्याला ये-जा करून मजुरी बुडवायला माणूस तयार होत नाही.

आपले,
हत्तीरोग मोहिमेतले कार्यकर्ते, पूर्व विदर्भ