गैरहजेरीची वही

निपाणी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, की घर आवरायला घेतलेच आहेस तर आजीची पत्र्याची ट्रंकही रद्दीत देऊन टाक, जुन्या वह्यांखेरीज तिच्यात काय असणार. तेव्हा मी गप्प राहिले, कारण दोन शब्दांत उरकण्यासारखी ती गोष्ट नव्हती. ट्रंकेत वह्याच आहेत, हे तुझे खरे आहे. पण त्या कसल्या आहेत, हे तुला सांगायचे माझ्याकडून राहून गेले, आणि तुला आठवते ती आजी निवृत्त होऊन दारातल्या खुर्चीवर बसलेली आजी आहे. शाळेतल्या बाई तू पाहिल्याच नाहीस.

तिचा जन्म १९४३ चा. सातवीची फायनल ती पास झाली त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. ट्रेनिंग पुरे करून १९६३ मध्ये ती मराठी प्राथमिक शाळेत रुजू झाली आणि २००१ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. मधल्या अडतीस वर्षांत तिला ना कसला पुरस्कार मिळाला, ना तिचे नाव कोठे छापून आले. जे आहे ते या वह्यांत आहे.

तंबाखूच्या वखारीत हिशेबाला वापरतात तशा, लाल कापडी पुठ्ठ्याच्या या लांबट वह्या आहेत. शाळेची हजेरी शाळेतच राहत असे. ही तिची स्वतःची, गैरहजेरीची वही. प्रत्येक पानावर तारीख, न आलेल्या मुलीचे नाव आणि त्यापुढे कारण. कारणे एकेका शब्दाची आहेत: ‘विड्या’, ‘धाकटा भाऊ’, ‘वखार’, ‘यल्लम्माची यात्रा’, ‘पुस्तक नाही’, ‘विड्या’, ‘विड्या’. शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण दिसली, की ती मुलगी पुन्हा वर्गात आली असे समजावे. खूण नसलेल्या ओळीही बऱ्याच आहेत, आणि त्या तिने कधी खोडल्या नाहीत.

विड्या म्हणजे काय, हे तुला बंगळूरच्या ऑफिसात बसून कळायचे नाही. आमच्या गल्लीत घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन बसत. ओल्या गोणपाटात गुंडाळून मऊ केलेली पाने पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमटीने तंबाखू भरायची, विडी वळायची, दोरा बांधायचा आणि तोंड मुडपायचे. मजुरी हजारावर असे आणि कारखान्यात तपासनीस छाट काढी, त्या छाटीतल्या विड्यांचे श्रम फुकट जात. हजाराचा आकडा संध्याकाळपर्यंत एकट्या बाईच्या हातून पुरा होत नसे. तोंड मुडपायला लहान बोटे लागतात, म्हणून मुलगी घरी राही. आईला, म्हणजे तुझ्या आजीला, या बायकांना दोष देताना मी कधी ऐकले नाही. शाळा सुटल्यावर ती वही घेऊन त्यांच्या घरी जाई, सुपाशेजारी बसे, आणि मुलीच्या वाट्याची तोंडे स्वतः मुडपू लागे. ‘तुमची लेक उद्या आली तर मी संध्याकाळी येऊन तिच्या वाटणीच्या शंभर करून देईन,’ असे तिने कबूल केलेले मी स्वतः ऐकले आहे आणि ते तिने पाळलेलेही पाहिले आहे. घरी येई तेव्हा तिच्या पदराला तंबाखूचा उग्र वास येत असे. तो वास मला मुळीच आवडत नसे.

कन्नडची गोष्टही सांगायला हवी. वर्गातली पुस्तके मराठी, पण कचेरीचे कागद हळूहळू कन्नडमध्ये येऊ लागले होते. मी पहिलीत गेले तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. माझ्या पाटीच्या एका बाजूला मी अ-आ गिरवी आणि दुसऱ्या बाजूला ती कन्नड मुळाक्षरे. हा भाग महाराष्ट्रात जावा, असे तिला अखेरपर्यंत मनापासून वाटत होते, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. तरी कन्नड शिकली म्हणून तिला बोलणारी माणसे आपल्याच नात्यात होती. तिचे म्हणणे एवढेच होते, की कचेरीतला कागद ज्या बाईला वाचता येत नाही तिची फसवणूक कोणीही करील. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ मध्ये झाला आणि पुढे कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली, पण त्या शिष्यवृत्तीला कारखान्याचे ओळखपत्र लागे, आणि मुकादमाकडून पाने घेऊन घरी वळणाऱ्या कित्येक बायकांजवळ ते नसेच. त्यांचे अर्ज आमच्या स्वयंपाकघरात कंदिलाशी बसून आईने लिहिले. ट्रंकेच्या तळाशी त्या अर्जांचे कच्चे कागद आहेत. कन्नड ओळींच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरांत मराठी अर्थ आहे, बाईला आपण कशावर अंगठा देतो आहोत हे वाचून दाखवता यावे म्हणून.

१९८१ च्या एप्रिलमध्ये महामार्गावर बसलेल्या तंबाखू शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. त्या आठवड्याच्या पानावर कारणाच्या रकान्यात तिने काहीच लिहिलेले नाही, फक्त नावे आहेत.

आता जे सांगायला मला जड जाते ते सांगते. तिच्याबद्दल माझ्या मनात लहानपणापासून एक अढी होती. ती दुसऱ्यांच्या मुलींना वर्गात आणायला बाहेर असे, आणि घरी तुझ्या धाकट्या मामाला मी सांभाळी. तो सतत आजारी असे. एका पावसाळ्यात त्याला गोवर आला, तेव्हा चौथीत असलेली मी सलग नऊ दिवस शाळेत गेले नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या लेकी दिसतात, आपली दिसत नाही, असे मी तिला एकदा तोंडावर म्हणाले होते. तिने उत्तर दिले नाही, आणि तो राग मी पुढे कितीतरी वर्षे, माझे लग्न होऊन तू झालास तरी, बाळगला.

गेल्या मंगळवारी मी १९७५ ची वही उघडली. जुलैच्या पानांवर इतर मुलींच्या नावांत माझे नाव आहे, नऊ दिवस, रोज. कारण ‘धाकटा भाऊ’, जसे इतर मुलींपुढे लिहिले आहे तसेच. आणि दहाव्या दिवसाच्या खुणेखाली, एरवी ती कधी करत नसे अशी नोंद आहे: ‘आज रजेचा अर्ज दिला. मी घरी, ती शाळेत.’ त्या दिवशी आई घरी होती, हे मला आठवतच नव्हते.

ट्रंक मी देणार नाही. वह्यांना वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घातला आहे आणि ट्रंक माळ्यावरून काढून आतल्या खोलीत ठेवली आहे. दिवाळीला येशील तेव्हा १९७५ ची वही सर्वांत वर असेल. कन्नड कागद तूच मला वाचून दाखव, मला आता ती अक्षरे नीट लागत नाहीत.

प्रकृतीस जप.

तुझी,
आई