पंचाला दिसला तो फॉल्ट, आणि न दिसलेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी इथे इंदुरात ज्येष्ठांच्या टेनिसच्या दुहेरी सामन्यात मी हाताखालून सर्व्हिस केली. माझं वय ६६. उजवा खांदा दिवाळीपासून आखडलाय, हात कानाच्या वर जात नाही. खुर्चीवरचा पंच, वीस-बावीसचा मुलगा, म्हणाला, "आंटी, अंडरआर्म नहीं चलेगा," आणि सरळ फॉल्ट, म्हणजे सर्व्हिस चुकल्याचा निर्णय, दिला. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "वहिनी, हे बॅडमिंटन नव्हे!"

बॅडमिंटनची सर्व्हिस खालूनच लागते, हे त्यांना ठाऊक आहे तर. टेनिसच्या नियमावलीत मात्र रॅकेट खालून यावी की वरून, याबद्दल अवाक्षर नाही. हातातून चेंडू सोडायचा आणि तो जमिनीला लागायच्या आत मारायचा, चेंडू मारण्याबाबत नियम १६ एवढंच मागतो. १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये १७ वर्षांच्या मायकेल चँगच्या पायांत गोळे आले होते, समोर जगातला अव्वल खेळाडू इव्हान लेंडल. पाचव्या सेटमध्ये चँगने अशीच खालून सर्व्हिस टाकली, गुण घेतला, सामना घेतला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. त्याला कुणी फॉल्ट दिला नाही.

बरं, खिलाडूपणाचंच काढायचं तर त्याच सामन्यात माझी जोडीदारीण बुटाची नाडी बांधायला वाकली होती, तेवढ्यात याच गृहस्थांनी सर्व्हिस हाणली आणि गुण खिशात घातला. घेणारा तयार नसताना सर्व्हिस करायची नाही, हा नियम २१. पंच गप्प, प्रेक्षक गप्प. आम्हीही गप्पच, उगाच कशाला म्हणून. ती आमची चूक.

२००५ साली रोममध्ये टेनिसपटू अँडी रॉडिकच्या मॅचपॉइंटवर समोरच्या व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली. म्हणजे सामना संपलाच होता. पण रॉडिकने मातीवरचा ठसा दाखवून चेंडू आत असल्याचं स्वतःच सांगितलं, आणि पुढे तो सामना हरला. आमच्या गृहस्थांकडून मला एवढं काही नको होतं. "नाडी बांधून घ्या, परत टाकतो," इतकं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

आता माझंही सांगते. सर्व्हिस करताना माझा डावा पाय बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, पडतो. हे म्हणतात, तुला वीस वर्षं सांगतोय. तोही फॉल्टच, आणि त्या मुलाने द्यायला हवा होता तो हाच. त्याने पाहिलाच नाही.

आयोजकांना विनंती की, सर्व्हिसचे नियम मराठी-हिंदीत छापून पंचांच्या हाती द्यावेत. येत्या रविवारी आमचा तिसऱ्या क्रमांकाचा सामना आहे. पाय मी मागे ठेवीन. सर्व्हिस खालूनच होईल.

– एक निवृत्त शिक्षिका, इंदूर