हिरवळीची स्पर्धा मे महिन्यात कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कॉलनीच्या रहिवासी संघाने यंदा 'सर्वांत हिरवं अंगण' अशी स्पर्धा जाहीर केली आहे. परीक्षण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. इंदुरात त्या सुमारास पारा चाळिशीच्या वर असतो, कितीतरी घरांची बोरिंगं आटलेली असतात आणि नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. अशा दिवसांत एखाद्याचं लॉन पोपटी दिसलं, तर त्यावरून त्याच्या घरची मोटर दांडगी आहे एवढंच कळतं. बागकामाचं काही कळत नाही.

स्पर्धेची नोटीस लागल्यापासून गल्लीत दोन्ही वेळा पाइप सुरू आहेत. मी बँकेत कॅशला नोकरी केलेली, त्यामुळे आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या पाइपाखाली १५ लिटरची बादली मिनिटभरात भरते. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, म्हणजे रोजचे ९०० लिटर. आता ५०० चौरस फुटांच्या हरळीला, म्हणजे आपल्या दूर्वांच्या गवताला, ऐन उन्हाळ्यात आठवड्याला साधारण इंचभर पाणी पुरतं, म्हणजे जेमतेम १,२०० लिटर. आठवड्याचं पाणी आपण दीड दिवसाच्या आत ओतून मोकळे होतो. आणि हे पाणी खाली नर्मदेकाठच्या जलूदहून, ७० किलोमीटरवरून, विजेच्या पंपांनी माळव्याच्या पठारावर चढवून आणलेलं असतं.

बरं, एवढं करून हिरवळीचं भलं होतं का? रोज वरवर शिंपडलं की माती वरच्या इंचभरातच ओली राहते आणि मुळंही तिथेच घुटमळतात. मग दोन दिवस नळ आला नाही की सगळं करपतं. आपली काळी माती पाणी सावकाश पिते. म्हणून दहा मिनिटं सोडावं, अर्धा तास थांबावं, पुन्हा सोडावं, आणि हे पहाटे करावं. असं आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. तहान लागली की गवत स्वतःच दाखवतं. पाती मिटतात, रंग निळसर राखाडी होतो, वरून चालून गेलं तर पाऊल उमटून तसंच राहतं. तोवर पाइप गुंडाळून ठेवायला हरकत नाही. आणि समजा पाणी देताच आलं नाही, तरी हरळी पिवळी पडून झोपी जाते. ती मेलेली नसते. जूनच्या मध्यात पाऊस लागला की त्याच गाठींतून फुटते.

कापणीबद्दल तर बोलायलाच नको. आमच्याकडे येणारा माली मशीन अगदी खाली करून जमिनीचं टक्कल करतो, म्हणजे पुढचे पंधरा दिवस त्याला यायला नको. त्याचंही चूक नाही, त्याला तेवढ्याच पैशात दहा घरं करायची असतात. पण उन्हाळ्यात गवत दोन इंचांपर्यंत राहू द्यावं, म्हणजे त्याचीच सावली मातीवर पडते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पात्यांची टोकं पांढुरकी, फाटल्यासारखी दिसली तर मशीनच्या ब्लेडला धार नाही असं समजावं. धार लावून घ्यायला फार पैसे लागत नाहीत.

कापलेलं गवत आपण पोत्यात भरून कचरागाडीत टाकतो. शहर स्वच्छतेत २०१७ पासून पहिलं आलं म्हणून छाती फुगवणारी मीही आहेच, पण हे गवत कचरा नव्हे. बारीक कापून तिथेच पडू दिलं तर त्यातलं नायट्रोजन पुन्हा मातीत जातं आणि युरियाची गोणी कमी लागते. याच शहरात १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा आणि शेणापासून खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती आजही 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आणि आम्ही इंदूरकर पाला गाडीत टाकून नर्सरीतून खताची थैली विकत आणतो! पहिला पाऊस झाला की चाळलेलं कंपोस्ट लॉनवर पातळ पसरून झाडूने आत सारावं. चिकट माती मोकळी करायला मूठभर वाळूपेक्षा हे कितीतरी बरं. वाळू थोडी पडली तर काळी माती उलट विटेसारखी घट्ट होते.

आंब्याखाली हरळी येत नाही म्हणून दर वर्षी नवे तुकडे आणून लावणाऱ्यांना हात जोडून सांगते, तिला दिवसातून निदान सहा तास ऊन लागतं. तिथे फरशी घाला, खुर्ची टाका. पावसाळ्यात एखादा पट्टा पिवळा पडून सतरंजीसारखा उचलला गेला तर खाली मुळं खाणारी हुमणी अळी आहे का ते खणून बघा. घाईघाईत औषध मारू नका. गणपतीत गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्याच अंगणात दूर्वा खुडायला येतात, आणि मी काही फवारलेलं असलं तर देवाआधी मला त्यांच्या पोरांची काळजी.

संघाच्या पदाधिकाऱ्यांना मी हे तोंडी सांगून पाहिलं. 'काकू, पोस्टर छापून झालेत,' असं उत्तर मिळालं. म्हणून आपल्या पत्राद्वारे सर्वच कॉलन्यांना विनंती करते की अशा स्पर्धा अनंत चतुर्दशीनंतर ठेवाव्यात. पाऊस ओसरलेला असतो, वर्षभर कोणी काय केलं ते तेव्हा जमिनीत दिसतं. परीक्षकांनी रंग बघण्याआधी लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत खुपसून पाहावा. तो सहज अर्धा फूट आत गेला तर त्या घराला निम्मे गुण. उरलेले निम्मे मार्च ते जूनचं पाण्याचं आणि विजेचं बिल बघून द्यावेत. माझी बिलं मी दाखवायला तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक
सुदामानगर, इंदूर