मच्छीवाल्या मावशींना, घाटावरच्या बाईंकडून

प्रिय मावशी,

सध्या पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू आहे, त्यामुळे तुमची पाटी दोन महिने आमच्या वाडीवर येणार नाही. समोर बोलायला गेले तर तुम्ही "काय बाई, आभार कसले" म्हणून उडवून लावाल. म्हणून चारचौघांत लिहिते.

जानेवारीत तुम्ही शाळेच्या पडवीत पाटी टेकवलीत आणि भिंतीवरची चित्रं बघून खुदकन हसलात. मी नुकतंच 'समुद्रातले प्राणी' शिकवलं होतं. पुस्तकातले डॉल्फिन आणि देवमासे वाचून दाखवले, मग चित्रं काढून घेतली. दुसरी-तिसरीची 17 पोरं, 17 मासे, सगळे एकाच साच्यातले: लंबगोल, एक टिंब, मागे त्रिकोण. "यातला बांगडा कुठला?" तुम्ही विचारलंत. मला सांगता येईना. मी जतची, आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, मासे कुठले! आणि ज्या पोरांच्या ताटात आठवड्यातून दोनदा मासे असतात, त्यांना मी डॉल्फिन शिकवत होते.

पुढच्या आनंददायी शनिवारी, म्हणजे शाळेतल्या उपक्रमांच्या दिवशी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचा माशांचा लिलाव आटोपून तुम्ही थेट शाळेत आलात. केळीच्या पानावर बांगडा, मुशी (छोटा शार्क), चपटा लेप, माकूल (स्क्विड) मांडलंत. "हात लावू द्या हो पोरांना, वास काय, धुतला की जातो," असं म्हणालात. (नाही गेला. हजेरीपटाला आठवडाभर मुशीचा वास होता.)

मुशीवरून हात फिरवायला तुम्हीच सांगितलंत. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलटा फिरवला की पॉलिशपेपर. बांगड्याच्या कल्ल्यावर एक झाकण, मुशीला मात्र उघड्या पाच चिरा. तिच्या अंगात काटा नाही, आपल्या कानाच्या वरच्या कडेसारखी कुर्चा असते, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. तेवढंच काय ते माझं.

खरी गंमत लेपाने केली. "माशाला दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो, कागदावर एकच दिसतो," असं मी ठासून सांगितलं होतं. एका पोराने लेप उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाला, "बाई, हिकडं एकपण नाही." दोन्ही डोळे एकाच अंगाला! तुम्ही तोंडाला पदर लावून हसत होतात. घरी जाऊन वाचलं, तर लहानपणी त्याचे डोळे इतर माशांसारखेच असतात. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मग तो वाळूवर आडवा पडून राहतो. सोमवारी वर्गात माझी चूक कबूल केली. पोरांना लेपापेक्षा त्याचंच जास्त अप्रूप.

माकुलाच्या पोटातली शाईची पिशवी तुम्ही अलगद काढून वाटीत फोडलीत. काडेपेटीच्या काड्या बुडवून पोरांनी आपापली नावं लिहिली. एरवी दोन ओळी लिहायला रडणारा गडी त्या दिवशी पान भरून लिहीत होता. 'माकुलाला तीन काळजं असतात,' इतकं मी सांगितलेलं. त्याने पुढे स्वतःचं जोडलं, 'तरी ते भितं आणि शाई सोडून पळतं.' मी त्यात एक अक्षर बदललं नाही.

आता त्या पानांची वही शिवली आहे. रोज एक जण उभा राहून आपलं पान वाचतो. मधल्या सुट्टीत पहिलीतली पोरंही खिडकीशी येतात. तुम्ही मागे गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, दाखवून जून-जुलैत होड्या का थांबतात ते सांगितलं होतं. परवा एकीने वहीत लिहिलं, 'मावशी येत नाही कारण मासे बाळंतपणाला गेलेत.'

त्या शनिवारच्या माशांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पोरांनी ठरवलंय की वहीची एक प्रत तुम्हाला द्यायची. मुखपृष्ठावर तुमची पाटी आहे, त्यातला बांगडा लांबूनही ओळखता येतो.

1 ऑगस्टनंतर पहिल्या फेरीला एखादा लेप बाजूला ठेवा. पहिलीत चार नवी पोरं आलीत आणि त्यांच्या माशांना अजून त्रिकोणी शेपूट आहे.

तुमच्या,
शाळेच्या बाई