सुटलेली कातडी कापू नका

महोदय,

वय झालेल्या माणसाच्या हातावरची चिकटपट्टी ओढली की कधी कधी कातडीही सोबत येते. घरी त्याला ‘सालटं निघालं’ म्हणतात, केसपेपरवर ‘खरचटले’ लिहिलं जातं, आणि क्वचित चक्क ‘बेडसोअर’सुद्धा. बेडसोअर सततच्या दाबाने, बहुधा हाडाच्या उंचवट्यावर होतो. ही जखम ओढीने, घासण्याने किंवा आपटण्याने होते. तिचं नाव स्किन टिअर. ‘आयस्टॅप’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये मांडलेले तिचे प्रकार तीनच आहेत. सुटलेली कातडी परत बसवून जखम पूर्ण झाकली गेली तर पहिला, काही भाग उघडा राहिला तर दुसरा, कातडी उरलीच नाही तर तिसरा.

चूक होते ती क्रमात. कडेला सुरळी होऊन बसलेली कातडी नजरेला दिसत नाही, म्हणून थेट तिसरा प्रकार लिहिला जातो. दिसलीच तर ‘मेलेली’ समजून कात्रीने उडवतात. म्हणजे पहिल्याचा तिसरा आपणच करतो! आधी दाब देऊन, हात किंवा पाय उंच धरून रक्त थांबवावं. सलाइनने धुऊन साखळलेलं रक्त काढावं. मग ओल्या कापसाच्या काडीने किंवा हातमोजा घातलेल्या बोटाने कातडी हलकेच उलगडत जागेवर आणावी. सुकली असेल तर सलाइनमध्ये भिजवलेला गॉज तिच्यावर ५ ते १० मिनिटं ठेवावा. पुरत नाही म्हणून मात्र ताणू नये. ताण पडला की रक्तपुरवठा तुटून ती मरते. प्रकार ठरवायचा तो यानंतर.

नोंदीत जागा, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी आणि कातडीचा रंग हवाच. सावळ्या माणसात ‘फिकट’ किंवा ‘काळपट’ पटकन कळत नाही, तेव्हा शेजारच्या कातडीशी ताडून पाहावं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं, हेही विचारावं.

वर सिलिकॉनची जाळी किंवा न चिकटणारं ड्रेसिंग लावून, कातडी जिथे अजून जोडलेली आहे त्या मुळाकडून सुट्या टोकाकडे असा बाण पेनाने त्यावर काढावा. ड्रेसिंग त्याच दिशेने काढायचं. उलट ओढलं की बसवलेली कातडी पुन्हा निघते. रक्तस्राव किंवा पू नसेल तर असं ड्रेसिंग काही दिवस तसंच राहू द्यावं लागतं. रुग्णालयांनी अशा रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘रोज ड्रेसिंग’ असं सवयीने लिहिणं तेवढं थांबवावं, ही विनंती.

– एक परिचारिका, सांगली