गटातली जुनी चर्चा सर्वांसाठी खुली करावी का?

परभणी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कापूस उत्पादकांच्या ऑनलाइन गटातली आजवरची सगळी चर्चा कोणालाही वाचता येईल अशी खुली करावी, हा तुझा प्रस्ताव मी नीट वाचला. त्यामागची तुझी तळमळ मला ठाऊक आहे. तरीही ती चर्चा जशीच्या तशी खुली करण्यास माझा विरोध आहे, आणि तो का, हे बैठकीआधी तुला कळवलेले बरे.

त्या चर्चेचे मोल मी नाकारत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातला आणि विदर्भातला कापूस पोखरला, त्या हंगामातले संदेश मी परवा पुन्हा वाचले. नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यावा, हे कोणत्याही कृषी पत्रिकेत सापडेल. पण डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेली फुले, नेमक्या कधी दिसू लागल्या, वरून निरोगी दिसणारे हिरवे बोंड फोडले तेव्हा आत काय निघाले, बांधापलीकडच्या फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही रानात राखलेल्या कपाशीचा, त्रास कसा झाला, हे ज्याच्या रानात घडले त्यानेच तिथे लिहिले आहे. नव्या शेतकऱ्याला ते मिळायलाच हवे.

मात्र त्याच चर्चेत एका ताईंनी सावकाराच्या व्याजाविषयी आणि गहाण पडलेल्या दागिन्यांविषयीही लिहिले आहे. नावे काढून टाकू, असे तू म्हणशील. पण तालुका, तीन एकर कोरडवाहू, आटलेले बोअर आणि ऊसतोडीला गेलेला नवरा एवढे वाचले की गावातले कोणीही त्यांना ओळखेल, आणि सावकार तर सर्वांत आधी ओळखेल. त्यांनी ते आपल्यापुरते लिहिले होते. आपण ऐकून घेतले म्हणून ते इतरांना वाचायला देण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

हा पेच नवा नाही. युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यातले संदेश शोधता येतील अशा रीतीने साठवण्याचे काम डेजा न्यूज या संकेतस्थळाने १९९५ मध्ये सुरू केले, २००१ मध्ये तो साठा गूगलने घेतला आणि वीस वर्षांपूर्वीचे लेखनसुद्धा शोधात येऊ लागले. युजनेट तर मुळातच सर्वांसाठी खुले होते. तरी आपला संदेश साठवू नये, अशी खूण त्यावर घालण्याची सोय ठेवावी लागली. आपला गट बंद आहे, आणि एकदा खुल्या झालेल्या मजकुराच्या प्रती कुठे कुठे जातील यावर आपला ताबा राहणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की ठरलेल्या तारखेपासून पुढची पिकांविषयीची चर्चा आधी सूचना देऊन खुली ठेवावी, आणि जुन्यापैकी प्रत्येकाचे लेखन त्याला स्वतः फोन करून, त्याने होकार दिला तरच घ्यावे. उत्तर आले नाही तर तो नकार समजावा. हे काम वेळखाऊ आहे, पण परभणी आणि हिंगोलीकडचे सदस्य मी विचारून घेतो. जे सदस्य आज हयात नाहीत त्यांचे लेखन घरच्यांच्या संमतीनेही खुले करावे की नाही, यावर माझे मत अजून ठरलेले नाही. त्यावर तुझ्याशी प्रत्यक्ष बोलायचे आहे.

प्रस्तावात एवढा बदल करण्यास तू तयार असशील, तर बैठकीत अनुमोदन मी देईन. बैठकीपूर्वी उत्तर पाठव.

तुझा मित्र