घर पाहण्याआधी वस्ती पाहा: बदलीच्या गावी जाणाऱ्या मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बदलीचा हुकूम हातात पडला, रुजू होण्याची तारीख ठरली आणि आता भाड्याचे घर शोधायचे आहे, हे वाचून आनंद झाला. मात्र त्या पत्रात तू दोन घरांची वर्णने सविस्तर लिहिली आहेस आणि ती ज्या वस्त्यांत आहेत त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नाहीस, म्हणून हे उत्तर जरा लांबवतो आहे. शहराच्या टोकाला असलेल्या नव्या वसाहतीतले प्रशस्त घर एकीकडे आणि कार्यालयाजवळच्या जुन्या भागातले लहानसे घर दुसरीकडे, भाडे दोन्हींचे जवळपास सारखेच, आणि तुझे मन पहिल्याकडे झुकले आहे हे तुझ्या अक्षरांवरूनही कळते. बाल्कनीला तू चार ओळी दिल्या आहेस. बसथांबा किती लांब आहे याला एकही नाही.

‘चांगली वस्ती’ म्हणून जिचे नाव सगळे घेतात ती तुमच्यासाठी चांगली असेलच असे नाही. तुमच्या घरातल्या चौघांचा साधा कामाचा दिवस जिथे कमीत कमी ओढाताणीत पार पडेल ती तुमची चांगली वस्ती, असे मी मानतो. त्यामुळे नकाशा उघडण्याआधी एक कोरा कागद घे आणि एखाद्या नेहमीच्या मंगळवारी तू, वहिनी, मुलगी आणि काकू सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे कुठे जाल, कोण कोणाला सोडेल, कोण कोणाला आणेल, औषधे आणि भाजी कोण आणि किती वाजता आणेल, हे सगळे लिहून काढ. रविवार लिहू नकोस. घर पाहायला जाताना माणसाच्या डोळ्यांसमोर नेमका रविवार असतो, ऐसपैस खोली आणि बाल्कनीतली खुर्ची दिसते, आणि राहायचे मात्र उरलेल्या सहा दिवसांत असते.

त्या कागदावर सर्वांत आधी प्रवास तपासून पाहा, कारण बाकीच्या गैरसोयींची सवय होते आणि प्रवासाची तितकीशी होत नाही. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये असे मांडले की, वाहने बदलली आणि शहरे पसरली तरी माणूस सरासरीने दिवसाकाठी साधारण तासभरच प्रवासाला देत आला आहे. म्हणजे जाण्याचा अर्धा तास आणि येण्याचा अर्धा तास. त्यापुढचा वेळ झोपेतून, मुलीच्या अभ्यासातून किंवा वहिनींच्या वाट्याच्या विश्रांतीतून कापला जातो. झुरिक येथील अर्थतज्ज्ञ ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर यांनी जर्मनीतील कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून हाच प्रश्न तपासला होता. अर्थशास्त्राच्या हिशेबाने लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घरातून, कमी भाड्यातून किंवा जास्त पगारातून व्हायला हवी. प्रत्यक्षात लांबून कामावर येणारे लोक आपल्या आयुष्याविषयी कमी समाधानी आढळले. तुझ्या बाल्कनीला माझे हेच उत्तर आहे.

प्रवासाचा वेळ मोजताना नकाशावरचा आकडा घेऊ नकोस. घराचे दार ओढून घेतल्यापासून कार्यालयातल्या खुर्चीवर बसेपर्यंतचा वेळ मोज, त्यात थांब्यापर्यंतचे चालणे, वाट पाहणे, वाहन बदलणे हे सगळे आले. एका वाहनाने चाळीस मिनिटे लागणे आणि दोन वाहने बदलून चाळीस मिनिटे लागणे यांत पुष्कळ फरक आहे, कारण दुसऱ्या प्रकारात पहिले वाहन पाच मिनिटे उशिरा आले की पुढचे हातचे निघून जाते. सरासरीपेक्षा वाईट दिवशी किती वेळ लागतो हे विचार. पावसात, परीक्षेच्या दिवशी, रस्त्याचे काम निघाल्यावर. आणि शेवटची बस किंवा गाडी किती वाजता सुटते हे तर लिहूनच ठेव, कारण तुझ्या नव्या हुद्द्यावर वेळेवर सुटका होणार नाही हे आपण दोघेही जाणतो.

पैशांचे थोडक्यात सांगतो. भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपुढे जाऊ नये असे तुला कोणीतरी सांगितले आहे. तो आकडा अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यावरून रूढ झाला. तिथे १९६९ मध्ये भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या २५ टक्के ठरली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. तो सरकारी निर्णय होता, सृष्टीचा नियम नव्हे, आणि त्यात तुझा रोजचा प्रवासखर्च धरलेला नाही. दोन्ही घरांच्या भाड्यात चौघांचा महिन्याचा प्रवासखर्च मिळव आणि मग तुलना कर. शहराच्या टोकाचे घर स्वस्त वाटते ते पुष्कळदा या बेरजेआधीच.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे येतो. दलाल सांगतो की बाजार ‘दहा मिनिटांवर’ आहे. कोणाच्या मिनिटांनी, हे विचारावे. नकाशे साधारणपणे ताशी पाच किलोमीटरच्या आसपासचा वेग धरतात, म्हणजे दहा मिनिटांत सुमारे ८०० मीटर. काकूंच्या गुडघ्यांना तेवढ्याच अंतराला वीस मिनिटे लागतील आणि वाटेत चढ असेल तर त्या बहुधा जाणारच नाहीत. म्हणून त्यांच्या चालीने एकदा तो रस्ता चालून पाहा. पदपथ मध्येच तुटतो का, त्यावर वाहने उभी असतात का, मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का आणि तो हिरवा असेपर्यंत म्हातारे माणूस पलीकडे पोहोचते का, वाटेत टेकायला जागा आहे का, हे चालल्याशिवाय कळत नाही. वस्ती दिवसातून वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी असते. तू तिथे सकाळच्या घाईच्या वेळी, रात्री जेवणानंतर आणि सुट्टीच्या आदल्या रात्री तरी जाऊन ये. दलाल मात्र तुला हमखास दुपारी नेईल, कारण दुपारी कोणतीही गल्ली शांत आणि सभ्य दिसते.

आवाजाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि राहायला गेल्यावर त्याविषयीच सर्वांत जास्त कुरकुरतात. झोपायच्या खोलीत जा, खिडकी उघड, सोबत आलेल्यांना गप्प राहायला सांग आणि काही मिनिटे नुसता उभा राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलपेक्षा कमी असावा, कारण त्यापुढे झोपेवर परिणाम होतो. डेसिबलची मोजणी साधी बेरजेची नसते: दहाने आकडा वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, म्हणून ४५ आणि ५५ यांतला फरक किरकोळ समजू नकोस. फोनवरच्या आवाजमापकाचा आकडा काटेकोर नसतो, पण दोन घरांची तुलना करण्यापुरता तो चालतो. एकच घर रस्त्याच्या बाजूला गोंगाटाचे आणि मागच्या अंगणाच्या बाजूला शांत असू शकते, तेव्हा झोपायची खोली कोणत्या बाजूला आहे हे वस्तीच्या नावापेक्षा महत्त्वाचे.

रस्त्यावरच्या रहदारीचा आणखी एक परिणाम आहे, तो काकूंच्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डोनाल्ड ॲपलयार्ड आणि मार्क लिंटेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकमेकांसारख्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांची पाहणी करून ती १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, सर्वाधिक रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. नुसत्या ओळखीही निम्म्याच होत्या. काकू नव्या गावात कोणालाच ओळखत नाहीत. तुम्ही तिघे सकाळी बाहेर पडल्यावर त्यांचा दिवस शेजारावरच अवलंबून राहणार, तेव्हा संध्याकाळी लोक जिन्यात, फाटकापाशी, झाडाखाली बोलत उभे राहतात का, की वाहनातून थेट घरात शिरतात, हे पाहून ठेव. तुझ्या नव्या वसाहतीचे फोटो मी पाहिले. इमारती देखण्या आहेत, पण एकाही फोटोत पायी चालणारे माणूस दिसले नाही. फोटो काढणाऱ्याने ती मुद्दाम टाळली असतील, अशी आपण आशा करू.

वहिनींना सुरक्षिततेची काळजी वाटते असे लिहिले आहेस. गुन्ह्यांचे आकडे मिळाले तर पाहा, पण ते वाचताना एक पथ्य पाळ. जिथे मोठे स्थानक, बाजार किंवा कार्यालये असतात तिथे दिवसभर बाहेरचे हजारो लोक येतात आणि राहणारे थोडे असतात. गुन्ह्यांना राहणाऱ्यांच्या संख्येने भागले की तो भाग आहे त्यापेक्षा भयंकर दिसतो. तुझ्या जुन्या भागाची बदनामी काही अंशी अशीच झालेली असू शकते. गुन्हा कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या वेळचा, हे एकूण बेरजेपेक्षा जास्त सांगून जाते. आणि आकड्यांपेक्षाही, रात्री थांब्यापासून घरापर्यंतची वाट वहिनींना स्वतः चालून पाहू दे. दिवे लागतात का, वाटेवरची दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात, खिडक्या रस्त्याकडे तोंड करून आहेत की सगळीकडे नुसती कुंपणाची भिंत आहे, हे त्यांच्या नजरेला तुझ्यापेक्षा आधी दिसेल, आणि त्यांनी नको म्हटले तर तिथे वाद घालू नकोस.

पाण्याविषयी मी जरा हट्टाने लिहितो. सखल भागात पाणी साचते का, हे विचारले तर घरमालक ‘छे, कधीच नाही’ म्हणतो. त्याला विचारू नकोस, इमारतीला विचार. तळमजल्याच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला मळकट आडवी रेघ आहे का. सगळी भिंत जुनी आणि खालचा तीनेक फुटांचा पट्टाच तेवढा नव्याने रंगवलेला आहे का. विजेचे मीटर डोक्याच्या उंचीवर चढवलेले आहेत का. दुकानांच्या उंबऱ्यांवर मागाहून विटांचा एक थर वाढवलेला आहे का? पाणी येऊन गेलेली वस्ती अशा खुणांवरून ओळखता येते, मग रंग कितीही ताजा असो. तू वरच्या मजल्यावर राहणार असलास तरी खाली पाणी भरले की वीज, लिफ्ट आणि पिण्याचे पाणी बंद पडते, आणि मुलीची शाळा काही तुझ्या मजल्यावर येत नाही. नळ सकाळच्या गर्दीच्या वेळी उघडून पाहा, आणि सर्वांत आतल्या खोलीतून मला एक फोन कर, म्हणजे तिथे फोन लागतो की नाही तेही कळेल.

शाळेच्या बाबतीत एकच: काही ठिकाणी प्रवेश घराच्या पत्त्यावर ठरतो, तेव्हा शाळेत आधी विचारून मग घर नक्की कर, उलट क्रमाने नको.

लोकांना विचारताना ‘वस्ती कशी आहे?’ असे विचारलेस तर ‘चांगली आहे’ हेच उत्तर येईल, कारण आपल्या राहत्या जागेला कोणी परक्यासमोर नावे ठेवत नाही. नेमके विचार. काल रात्री शेवटची बस चुकली असती तर तुम्ही कसे आला असता? गेल्या पावसाळ्यात किती वेळा दिवे गेले? रात्री-अपरात्री औषध लागले तर कुठे जाता? असे विचारले की माणूस मत देण्याऐवजी घडलेली गोष्ट सांगू लागतो, आणि तीच आपल्याला हवी असते. तिथून सोडून गेलेले एखादे कुटुंब सापडले तर त्यांना अवश्य भेट. राहणाऱ्यांपेक्षा ते मोकळेपणाने बोलतात, मात्र त्यांचा राग घरमालकावर आहे की वस्तीवर, हे वेगळे काढायला विसरू नकोस.

माझे मत विचारशील तर, सुरुवातीला कार्यालयाजवळचे लहान घरच घे, आणि मिळेल तितक्या कमी मुदतीने घे. नव्या गावात पहिल्या काही महिन्यांत आपल्याला गाव कळलेले नसते, कोणता रस्ता तुंबतो आणि कोणती शाळा नावापुरती आहे हे तिथे राहूनच उमगते. तोवर मोठ्या घराचा लांब करार डोक्यावर घेणे मला पटत नाही. सामानाचे म्हणशील तर तुझे ते अवाढव्य कपाट त्या घराच्या जिन्यातूनही वर जाणार नाही, ते इथेच कोणाकडे तरी ठेवून जा. सगळे पाहून झाल्यावरही तुम्हा चौघांना टोकाची वसाहतच आवडली, तर माझी तक्रार नाही. मंगळवारचा कागद भरून झाल्यावर निवडलेले घर असले म्हणजे झाले.

घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि देणारा माणूस खरोखरच मालक आहे याची कागदोपत्री खात्री झाल्याशिवाय अनामत देऊ नकोस, मग ‘आज संध्याकाळपर्यंत दुसरे गिऱ्हाईक येतेय’ असे कोणी कितीही घाई करून सांगो. करारात तीन गोष्टी नीट वाच: किमान किती महिने राहणे बंधनकारक आहे, घर सोडायचे झाल्यास किती दिवस आधी कळवायचे, आणि अनामतीतून नेमके कशाकशाचे पैसे कापता येतात. मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव, मी रात्रीतून वाचून कळवीन.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि छोटीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश